चेंबूर ते महाबळेश्वर आणि परत: इलेक्ट्रिक गाडी किलोमीटरला नक्की कितीला पडली

गुरुवार रात्र

गाडी घेतल्यापासून बिल्डिंगमधे, ऑफिसात, नातेवाईकांकडे एकच प्रश्न, किलोमीटरला किती पडते गं? आणि मी काही बोलायच्या आत बाजूचा कोणीतरी सांगून मोकळा होतो, अहो रुपया-सव्वा रुपया. तो आकडा मला कधीच पटला नव्हता, आणि असा अर्धवट आकडा ऐकून कोणी पंधरा-सोळा लाखाची गाडी घ्यावी हे तर अजिबात पटत नाही. म्हणून महाबळेश्वरला जायचं ठरलं तेव्हाच ठरवलं की या वेळी प्रत्येक युनिट आणि प्रत्येक रुपया लिहायचा.

पद्धत बाबांची. बाबा एसटीत होते, कुर्ला नेहरूनगर डेपोला, आणि एसटीत गाडीचं ॲव्हरेज केपीटीएलमधे मोजतात, म्हणजे दहा लिटर डिझेलमागे गाडी किती किलोमीटर गेली. त्यामुळे बाबांना हिशोब कसा करायचा हे कोणी शिकवायची गरज नाही. ते म्हणाले, "टाकी फुल करून निघायचं, आल्यावर परत फुल करायची, मधे जेवढं घातलं तेवढंच गाडीने खाल्लं. डॅशबोर्डवर काय दिसतंय ते बाजूला ठेव." इलेक्ट्रिकलाही हेच लागू. 100 टक्क्याला निघायचं, घरी येऊन परत 100 करायचे, आणि मधे भिंतीतून किंवा चार्जरमधून जेवढी वीज विकत घेतली तिचे पैसे भागिले किलोमीटर.

आमची टाटाची नेक्सॉन, बॅटरी 40.5 युनिटची. रात्री नऊला लावली तेव्हा 20 टक्के होती, पहाटे 100 झाली. म्हणजे बॅटरीत 80 टक्के गेले, साधारण 32.4 युनिट. पण खाली पार्किंगमधे जे वेगळं मीटर आहे ते 36.4 ने पुढे सरकलं. मधले चार युनिट कुठे गेले तर गाडीतल्या चार्जरमधे एसीचं डीसी होताना गरमीत, थोडे केबलमधे, थोडे बॅटरी थंड ठेवायला. हे चोरीला गेलेले नाहीत, पण बिल मात्र 36.4 चं येतं. "रुपया-सव्वा रुपया" म्हणणारे बहुतेक लोक स्क्रीनवरचा आकडा घेतात आणि हे चार युनिट त्यात कधीच येत नाहीत.

दराचं पण सांगून टाकते. मुंबईत वीज कोणाची यावर बरंच अवलंबून आहे, शहरात बेस्ट, उपनगरात अदानी नाहीतर टाटा पॉवर, मुलुंड-भांडुपला महावितरण, आणि सगळ्यांचे दर वेगवेगळे. आम्ही ईव्हीसाठी, म्हणजे इलेक्ट्रिक गाडीसाठी, वेगळं मीटर घेतलंय, त्याला स्लॅब नाही, सगळे आकार आणि वीज शुल्क धरून युनिट मला 10 रुपयांच्या आसपास पडतं, हिशोबाला 10 धरलंय. घरच्याच मीटरवर गाडी लावणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट नीट बघा. तुमचं घरचं बिल आधीच 300 युनिटच्या आसपास असेल तर गाडीचे दीड-दोनशे युनिट वरच्या स्लॅबमधे जाऊन बसतात, म्हणजे गाडीचा दर काढताना बिल भागिले एकूण युनिट करून चालत नाही, गाडी आल्यावर बिल किती वाढलं ते घ्यायचं आणि त्याला गाडीच्या युनिटने भागायचं. माझ्या मैत्रिणीने असं काढलं तेव्हा तिचं युनिट 13 च्या वर निघालं.

शुक्रवार

साडेपाचला चेंबूर सोडलं. मी, निलेश आणि बाबा मागे डायरी घेऊन. मागच्या सीटवर बाबा आणि त्यांची ती जाड डायरी असली की गाडीत उगाच एक शिस्त येते. वाशीचा टोल कारला ऑक्टोबर 2024 पासून बंदच आहे, कळंबोलीला एक्सप्रेसवेला लागलो. एक्सप्रेसवेला कारचा टोल एप्रिल 2023 पासून 320 रुपये आहे, पण राज्याच्या 2025 च्या ईव्ही धोरणात मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतू या तिन्हींवर इलेक्ट्रिक कारला माफी आहे. हा टोल मी किलोमीटरच्या हिशोबात धरलेला नाही कारण तो वीज नाही, पण खिशातून न गेलेले 320 रुपये म्हणजे घरच्या दराने 32 युनिट, म्हणजे जवळजवळ 200 किलोमीटरची वीज. त्यामुळे बाबांनी तो वेगळ्या रकान्यात लिहिला.

सपाटीला मी मुद्दाम दोन वेग धरून बघितले. 100 ला क्रूझ लावला की स्क्रीनवर किलोमीटरला 165 वॉट-तासाच्या (1000 वॉट-तास म्हणजे एक युनिट) आसपास जातं, म्हणजे एका युनिटमधे सहाच किलोमीटर. 80 ला आणलं की 130 च्या आसपास, म्हणजे साडेसात-पावणेआठ किलोमीटर. कारण सरळ आहे, हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, 80 वरून 100 ला गेलं की हवा दीडपटीपेक्षा जास्त जोर लावते. पेट्रोल गाडीतही हेच होतं पण तिथे कळत नाही, कारण पेट्रोल इंजिनाची बरीचशी ताकद एरवीही उष्णतेतच जाते आणि हळू चालवलं तरी ती जायची थांबत नाही. इलेक्ट्रिक मोटर एवढी काटकसरी असते की हवेने खाल्लेलं लगेच दिसतं. शहरात उलटं, चेंबूर ते बीकेसी रोजच्या जाण्यायेण्यात माझी गाडी हायवेपेक्षा कमी खाते, आणि पेट्रोलवाल्यांना हे सांगितलं की ते आधी विश्वासच ठेवत नाहीत.

खालापूरला 76 टक्के. चहा घेतला आणि बोरघाट चढलो, लोणावळ्याला 61. वीस-बावीस किलोमीटरमधे 15 टक्के गेले म्हणून निलेश जरा गप्प झाला होता. पण हा आकडा घाबरायचा नाही, तो आधीच कागदावर काढता येतो. गाडी, आम्ही तिघं आणि सामान धरून वजन साधारण 1700 किलो, चढ साडेपाचशे-पावणेसहाशे मीटर, तर नुसतं वर उचलायला अडीच युनिटच्या वर लागतात, म्हणजे सहा-साडेसहा टक्के. बाकीचे आठ-नऊ टक्के नेहमीच्या चालण्याचे. घाट आला की चढाईच्या प्रत्येक शंभर मीटरला आमच्या वजनाच्या गाडीने अर्ध्या युनिटच्या थोडं खाली धरायचं, एवढं लक्षात ठेवलं तर कुठल्याही घाटाचा अंदाज येतो.

पुण्यात शिरलोच नाही, बायपासने कात्रजचा नवा बोगदा पार करून खेड शिवापूरच्या बाजूला थांबलो. चेंबूरपासून 163 किलोमीटर, बॅटरी 30 टक्के. चार्जरला दोन गन (गाडीला लावायच्या केबल) होत्या, एक बंद पडलेली, दुसऱ्यावर आमच्या आधी एक गाडी, वीस मिनिटं वाट बघितली. ॲपच्या वॉलेटमधे कमीत कमी 500 भरायला लागले. दर 19 रुपये युनिट, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 22 रुपये 42 पैसे. चार्जरच्या बोर्डावर 19 लिहिलेलं असतं आणि लोक तोच दर सांगतात, पण जीएसटी धरलाच पाहिजे, तो काही परत मिळत नाही. 30 ते 80 टक्के करायला 21.2 युनिट लागले, 475 रुपये. 80 ला थांबलो कारण त्याच्या पुढे बॅटरी स्वतःच वेग कमी करून घेते, शेवटच्या वीस टक्क्यांना जवळजवळ पहिल्या पन्नासएवढा वेळ जातो आणि मागे दोन गाड्या उभ्या होत्या. वॉलेटमधे 25 रुपये राहिले, ते परत त्याच कंपनीच्या चार्जरवर गेलं तरच वापरता येणार. हिशोबात धरले नाहीत, पण अशी चार-पाच ॲप झाली की प्रत्येकात शंभर-दीडशे अडकून राहतात आणि हे बंद व्हायला हवं, जिथून चार्ज केलं तिथे सरळ यूपीआयने पैसे द्यायची सोय सगळीकडे का नसावी.

एक चांगलं, रस्त्यावरच्या अशा डीसी म्हणजे फास्ट चार्जरचं मीटर आणि बॅटरी यात तफावत कमी येते. 20.25 युनिट आत गेले आणि 21.2 चं बिल, म्हणजे पाचेक टक्केच गळती, कारण एसीचं डीसी करताना जी वीज जाते ती चार्जरच्या डब्यात आधीच गेलेली असते आणि ती त्यांच्या दरातच असते.

पुढे खंबाटकी घाट, सुरूर फाटा, वाई, मग पसरणी घाट. वाईला ढोल्या गणपतीच्या घाटावर बाबा थोडा वेळ बसले, नदीला पाणी बेताचंच होतं. पसरणी घाटात मी सगळ्यात सावकाश चालवलं, मागच्यांना पुढे जाऊ दिलं. पाचगणी, आणि मग महाबळेश्वर. उंची 1350 मीटरच्या वर. हॉटेलला पोचलो तेव्हा 262 किलोमीटर आणि 38 टक्के.

बाबांचा पहिल्या दिवसाचा शेरा, "एवढी चढण आणि तिघं जण, तरी बरंच म्हणायचं." एसटीच्या माणसाकडून हे म्हणजे खूप झालं.

शनिवार

आज फार नाही. सकाळी क्षेत्र महाबळेश्वर, पंचगंगेचं देऊळ, दोन-तीन पॉइंट, संध्याकाळी पाचगणीला टेबल लँड. 46 किलोमीटर झाले आणि 21 टक्के उरले. इथल्या चढउतारात गाडी जे चढताना खाते त्यातलं थोडं उतरताना परत देते, त्यामुळे आकडा वाईट आला नाही.

खरा विषय रात्रीच्या चार्जिंगचा. बुकिंग करतानाच मी हॉटेलला फोन करून विचारलं होतं की पार्किंगजवळ 15 अँपिअरचा पॉइंट आहे का आणि अर्थिंग नीट आहे का. मॅनेजर भला माणूस, म्हणाला, "मॅडम, गिझरचा पॉइंट आहे, लावा की, पण आमचं बिल कमर्शियल आहे, रात्रीचे 400 घेतो." मला पटलं. फुकट चार्जिंग देणाऱ्या हॉटेलपेक्षा पैसे घेणारं हॉटेल मला बरं वाटतं, कारण त्यांना पैसे मिळाले तर पुढच्या वर्षी दोन पॉइंट जास्त लागतील, आणि फुकट दिलं तर एक दिवस मालक बिल बघून सगळं बंद करून टाकेल.

माझ्याकडे प्लगमधे लावायचं छोटं एनर्जी मीटर आहे, ते भिंत आणि चार्जरच्या मधे बसतं आणि युनिट दाखवतं. बाहेरगावी लावताना हे असणं फार उपयोगाचं, पैसे युनिटवर द्यायचे असतील तर दोघांना एकच आकडा दिसतो. रात्री आठला लावलं.

आणि 100 करायचं नाही हे आधीच ठरलेलं होतं. उद्या आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचं, चाळीस किलोमीटरमधे जवळजवळ 1300 मीटरचा उतार. उतारावर मोटर जनरेटरसारखी चालून वीज बनवते, यालाच रीजेन म्हणतात, पण ती वीज ठेवायला बॅटरीत जागा पाहिजे. बॅटरी तुडुंब असेल तर गाडी रीजेन बंद करते किंवा अगदी कमी करते, मग सगळा घाट ब्रेकवर उतरायचा, ब्रेक तापणार, आणि फुकट मिळणारी वीज वाया. म्हणून डोंगरावरून उतरायचं असेल तर 80-85 ला थांबायचं. हे घाटात गाडी नेणाऱ्या प्रत्येक ईव्हीवाल्याने ध्यानात ठेवावं, पैशापेक्षाही ब्रेकसाठी.

सकाळी सहाला 85 टक्के, मीटरवर 29.6 युनिट. 400 भागिले 29.6, साडेतेरा रुपये. घरच्यापेक्षा महाग, रस्त्यावरच्या फास्ट चार्जरपेक्षा खूप स्वस्त. बॅटरीत मात्र 26 च्या खालीच युनिट गेले, इथे गळती साडेबारा टक्के, म्हणजे घरच्यापेक्षा जास्त. हळू चार्जिंगमधे गाडीचे पंप आणि कॉम्प्युटर दहा तास चालू राहतात, त्याचा भार.

रविवार

सात वाजता निघालो. आंबेनळी घाट मला आपल्याकडच्या सगळ्या घाटांमधे जास्त आवडतो, झाडी दाट आहे, वळणं अवघड आहेत, आणि एका बाजूला प्रतापगड दिसत राहतो. रीजेन सगळ्यात वरच्या पातळीला ठेवलं, सरळ उतारावर ब्रेकला पाय क्वचित लागत होता, फक्त हेअरपिनला. स्क्रीनवर टक्के चढताना बघून निलेश लहान मुलासारखा प्रत्येक टक्का मोठ्याने सांगत होता, 86, 87. पोलादपूरला 89.

म्हणजे चाळीस किलोमीटर गाडी चालली, शिवाय चार टक्के जास्त, साधारण 1.6 युनिट. घरच्या दराने 16 रुपये. रक्कम छोटी आहे, पण खरं बघायचं तर चाळीस किलोमीटर फुकट झाले तेही धरायला हवेत, तेवढ्याला एरवी पाच-सहा युनिट लागले असते. मात्र ही वीज डोंगराने दिलेली नाही, परवा पसरणी घाटात आणि त्याच्या आधी बोरघाटात मीच भरलेली. 1300 मीटर चढायला साधारण सहा युनिट गेले होते, त्यातले काही चाकांच्या घर्षणात गेले, काही हवेत, काही मोटर आणि बॅटरीच्या येण्याजाण्यात, उरलेलं परत आलं. म्हणून कोणी फक्त घाट उतरतानाचा आकडा दाखवून सांगत असेल की बघा गाडी स्वतःच चार्ज होते, तर त्याला चढतानाचा आकडा विचारा. हिशोब नेहमी जाऊन-येऊन करायचा.

पोलादपूरला मिसळ खाल्ली. महाडपर्यंत रस्ता छान, 80 च्या आत चालवलं, गरम व्हायला लागलं म्हणून एसी लावला. माणगावला नेहमीचंच, गाड्यांची रांग, तासभर तरी जागेवर. पण अशा ट्रॅफिकमधे इलेक्ट्रिक गाडीचा खर्च किती हे बघायची ही चांगली संधी. उभ्या गाडीत मोटर काहीच खात नाही, फक्त एसी आणि बाकी इलेक्ट्रॉनिक्स, एक ते दीड किलोवॉट. म्हणजे तासाला एक-दीड युनिट, 10-15 रुपये. बाजूच्या डिझेल गाड्यांचे सायलेन्सर धडधडत होते, त्यातल्या एकाने काच खाली करून विचारलं, बॅटरी संपणार नाही ना ताई? 60 टक्के होती, म्हटलं अजून पाच तास असंच उभं राहिले तरी पनवेल गाठेन.

त्या रांगेत बाबांनी डायरी उघडून दुसरा मुद्दा काढला, "वीज झाली, बाकीचं काय?" बरोबर आहे, चालवायचा खर्च म्हणजे नुसती वीज नाही. टायर घ्या, ईव्ही जड असते आणि पिकअप जोरात असतो त्यामुळे टायर लवकर झिजतात, मी चार टायरचे 32 हजार आणि 40 हजार किलोमीटर धरते, म्हणजे 80 पैसे. सर्व्हिसिंग वर्षाला सहा हजार, माझं चालणं वर्षाला बारा हजार किलोमीटर, 50 पैसे. इंजिन ऑइल नाही, ऑइल फिल्टर नाही, स्पार्क प्लग नाही, क्लच नाही, आणि रीजेनमुळे ब्रेक पॅड बराच काळ टिकतात. थर्ड पार्टी इन्शुरन्सच्या प्रीमियममधे खासगी इलेक्ट्रिक कारला 15 टक्के सूट आहे, पण गाडीची किंमत जास्त म्हणून स्वतःच्या नुकसानीचा भाग वाढतो, त्यामुळे तिथे मी काही वाचलं असं धरत नाही. बॅटरीला कंपनीची 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची वॉरंटी आहे, म्हणून त्याचा वेगळा रकाना केला नाही. निलेशचं म्हणणं की करायला हवा होता. तो मुद्दा अजून मिटलेला नाही आमच्यात.

वडखळ, पेण, पळस्पे फाटा. वाटेत कुठेही चार्ज करायला लागलं नाही. चेंबूरला पोचलो तेव्हा आजचे 208 किलोमीटर, एकूण 516, आणि बॅटरी 29 टक्के. लगेच प्लग लावला.

सोमवार

सकाळी खाली जाऊन मीटर बघितलं, 29 ते 100 ला 32.3 युनिट, 323 रुपये. आता सगळं जमलं. खेड शिवापूरचे 475, हॉटेलचे 400, घरचे 323, एकूण 1198 रुपये. भागिले 516, किलोमीटरला 2 रुपये 32 पैसे. विकत घेतलेली वीज 83.1 युनिट, म्हणजे किलोमीटरला 161 वॉट-तास. गाडीची स्क्रीन सरासरी 145 दाखवत होती. स्क्रीनचा आकडा घेऊन आणि सगळी वीज 10 रुपयांची धरून हिशोब केला असता तर 1 रुपया 45 पैसे आले असते, तो बघायला छान दिसतो पण माझ्या खिशातून 2.32 गेले आहेत.

पेट्रोल गाडीशी तुलना करायची तर याच आकाराची गाडी, तिघं जण आणि दोन मोठे घाट, 16 चं ॲव्हरेज धरलं आणि पेट्रोल 103 रुपये, तर 3300 च्या वर गेले असते, किलोमीटरला 6 रुपये 44 पैसे. सीएनजी 25 चं ॲव्हरेज आणि 80 रुपये किलो धरलं तर 1650 च्या आसपास, 3 रुपये 20 पैसे.

आणि इथे तो आकडा येतो ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. हाच प्रवास, हीच गाडी, पण समजा माझ्याकडे घरचा पॉइंट नसता, हॉटेलनेही नाही म्हटलं असतं आणि सगळी वीज फास्ट चार्जरवर 22 रुपये 42 पैशांनी घेतली असती, तर तिथली कमी गळती धरूनही 1758 रुपये लागले असते. किलोमीटरला 3 रुपये 41 पैसे. म्हणजे सीएनजीपेक्षा महाग. आणि सगळी वीज घरच्या दराची असती तर 1 रुपया 63 पैसे. एकाच गाडीचे हे दोन टोकाचे आकडे आहेत, दुपटीहून जास्त फरक, आणि त्यात गाडीचा काही संबंध नाही, ती रात्री कुठे उभी राहते एवढाच संबंध आहे.

मुंबईत प्रश्न नेमका हाच आहे. इथे बंगला नि अंगण नाही, सोसायटीचं पार्किंग आहे, ते पण असेल तर. आमच्या इथे पॉइंट मिळायला आठ महिने लागले, आग लागेल का, बिल कोण भरणार, उद्या सगळेच मागतील मग काय, असे प्रश्न. प्रश्न चुकीचे नव्हते, उत्तरं द्यायला हवी होती आणि आम्ही ती दिली. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांमधे स्पष्ट होतं की घरच्या किंवा ऑफिसच्या असलेल्या कनेक्शनवरून गाडी चार्ज करता येते, ते पत्राला जोडलं. लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग, मीटर रूमपासून वेगळी केबल, एमसीबी आणि आरसीसीबी (जास्त लोड आला किंवा वीज गळली तर पुरवठा तोडणारे स्विच), डिपॉझिट, सगळं मिळून 38 हजार आले. हे पण चालवायच्या खर्चात धरायला हवेत असं माझं मत, लाखभर किलोमीटरवर पसरले तर 38 पैसे. तेवढे मिळवूनही घरचं चार्जिंग 2 रुपयांच्या जवळपासच राहतं.

काल रात्री बी विंगमधले एक काका खाली भेटले, त्यांचा मुलगा ईव्ही घ्यायचं म्हणतोय, त्यांचं पार्किंग अगदी कोपऱ्यात, केबल साठ मीटर लागेल. त्यांना डायरीचं पान दाखवलं आणि सांगितलं, मुलाचं ऑफिस कुठे आणि रोजचं चालणं किती ते आधी बघा. रोजचे चाळीस किलोमीटर असतील तर सहा युनिट पुरतात, ते 15 अँपिअरच्या साध्या पॉइंटवर दोन तासात भरतात, त्यासाठी मोठ्या 7.2 किलोवॉटच्या चार्जरची गरजच नाही. आमच्या बिल्डिंगच्या मंजूर लोडमधे मोठे चार्जर तीन-चारच बसतील, छोटे पॉइंट त्याच्या दुप्पट बसतात, आणि रात्री बाराच्या पुढे लिफ्ट आणि पंपाचा लोड पण नसतो.

सोसायटीच्या येत्या एजीएमला (वार्षिक सभेला) हाच प्रस्ताव ते काका आणि मी मिळून मांडतोय, सगळ्या पार्किंगसाठी एकच जाड केबल मीटर रूममधून मागच्या भिंतीपर्यंत, सोसायटीच्या खर्चाने, आणि पुढचं ज्याचं त्याने सब-मीटर लावून. इलेक्ट्रिशियनकडून कोटेशन मागवलंय, शनिवारपर्यंत येईल.